आजोबांची गाडी रंगवायला टाकताय? पाच मिनिटं थांबा

नमस्कार मंडळी. आवाज नीट येतोय ना? मागे कोंबड्या आहेत, त्यांना मी काही सांगू शकत नाही, सांभाळून घ्या.

तर ही माझ्या मागे उभी आहे ती आमच्या आबांची फियाट. अकराशे डिलाइट, १९७१ ची. आता निम्मे जण म्हणणार अरे ही तर पद्मिनी, तर हो, दिसायला तीच, कुर्ल्याच्या त्याच प्रीमियरच्या कारखान्यातली, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी, फक्त पद्मिनी हे नाव नंतर सत्तरच्या दशकात आलं, चितोडच्या राणीवरून. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगला आणि पुढे सलग सीट, ज्यावर आबा, आजी आणि मधे मी असे तिघं बसून वाई ते महाबळेश्वर जायचो, पसरणी घाटात निम्म्यात थांबून इंजिनला आणि मला दोघांनाही पाणी पाजायला लागायचं.

पिंट्या, कॅमेरा जरा उजव्या दारावर आण. अजून जवळ. हां, इथे.

हे दिसतंय? खिडकीच्या खाली, काच जिथे आत जाते तिथे. फिकट निळा रंग आहे, मग त्याच्या आत करड्या प्रायमरचं, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचं, एक तळहाताएवढं लांबट वर्तुळ, आणि बरोब्बर मधे रुपयाएवढा उघडा पत्रा, तोसुद्धा गंजलेला नाही, गुळगुळीत, चकाकतोय. हे आबांचं कोपर आहे. चाळीस वर्षं माणूस काच खाली करून, शर्टाच्या बाह्या दुमडून, कोपर बाहेर काढून गाडी चालवत होता आणि त्या कोपराने हळूहळू रंग खाल्ला. गंज का नाही, तर रोज घासलं जायचं आणि आबा डोक्याला चोपडलेलं तेल उरलं की तिथेच पुसायचे, आजी ओरडायची त्यावरून.

आता डावीकडे ये. ही दोन दारं बघा. सपाट, करडी, मेली. रंगच नाही. तर झालं असं की मागच्या वर्षी चुलत भावाचं लग्न, वरात म्हणे आबांच्या गाडीतून काढायची, कल्पना एक नंबर, पण गाडी चकाचक पाहिजे म्हणून मला न विचारता एका गॅरेजला टाकली, डेंटिंग पेंटिंग फुल बॉडी, वर मेटॅलिक मरून. मला कळलं तेव्हा मी पुण्यात, निघालो तसाच, पोचेपर्यंत डावीकडची दोन्ही दारं वॉटर पेपरने घासून झाली होती, शेजारी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, डबा उघडा आणि पोरगा उजव्या बाजूला बादली घेऊन निघालेला. अक्षरशः दहा मिनिटं उशीर झाला असता तर ते कोपर गेलं असतं. पोराची काही चूक नाही हो, त्याला सांगितलं तेवढं तो करत होता. वरात शेवटी ट्रॅक्टरवरून निघाली. भाऊ अजून नीट बोलत नाही माझ्याशी.

तर मुद्दा. आपल्याकडे जुनी गाडी जपणं म्हणजे ती नव्यासारखी करणं असंच डोक्यात बसलंय. रिस्टोर केली म्हणजे जपली. आणि जगभरात गाड्यांचे जे खरे किडे आहेत ना, ते गेली वीस-पंचवीस वर्षं उलट्या दिशेने चाललेत, त्यांचं म्हणणं सोपं आहे, रंग तुम्ही दहा वेळा मारू शकता, पण कारखान्यातून आलेला रंग एकदाच येतो, तो घासला की संपला.

उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पेबल बीच म्हणून जुन्या गाड्यांची स्पर्धा होते, १९५० पासून, या जगातली पंढरीच समजा. तिथे वर्षानुवर्षं पहिला नंबर कुणाचा, तर जिचा प्रत्येक स्क्रू पॉलिश केलाय अशा गाडीचा. आणि २०२४ मध्ये तिथे पहिल्यांदा एका रिस्टोर न केलेल्या गाडीला बेस्ट ऑफ शो मिळालं. १९३४ ची बुगाटी टाइप ५९. आधी कंपनीची रेसची गाडी, नंतर बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने घेतली, काळा रंग आणि मधून पिवळा पट्टा. तो राजाच्या वेळचा रंग तडकलेला, उडालेला, तसाच. आणि तिच्यासमोर आरशासारख्या चकाकणाऱ्या करोडोंच्या गाड्या हरल्या!

दुसरं, २०१४ मध्ये फ्रान्समधे एका शेतावर पडक्या शेडखाली साठेक गाड्या सापडल्या, बायोन नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्याने जमवलेल्या आणि मग तशाच सोडलेल्या. त्यातली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, कधीकाळी नट अलँ दलाँकडे असलेली, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला लिलाव झाला तेव्हा लोकांनी धूळसुद्धा पुसली नव्हती, धुळीसकट १.६ कोटी युरोच्या वर गेली. आपल्याकडे सापडली असती तर पहिल्याच दिवशी प्रेशर वॉशरने धुतली असती, मी स्वतः धुतली असती, खोटं कशाला बोलू.

पण आता कमेंटमधे येणार, म्हणजे काय गाडी सडवायची का? नाही. इथेच सगळे घोळ घालतात. न रंगवणं वेगळं आणि न सांभाळणं वेगळं. ब्रेकचे रबर, टायर, वायरिंग, पेट्रोलचे पाइप, हे जिवाशी संबंधित आहे, ते बदलायचंच, बिनधास्त, फक्त काढलेला जुना पार्ट फेकायचा नाही, चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. माझ्याकडे असे तीन बिस्किटांचे डबे भरलेत. गंज धरला असेल तर तो थांबवायचा, पण तेवढ्यापुरता, बोटभर गंजासाठी अख्खं दार घासायचं नाही. आणि पाइपचं मी मुद्दाम बोललो कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्या काळातलं रबर यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकी आतून गंजते. मी आधी पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, मग बाकी सगळं.

आणि जुनी गाडी घ्यायला जाताना रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं ते घेऊन जा. एका दारावर शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि शेजारच्यावर एकदम सातशे दाखवलं तर समजायचं खाली लांबी भरलीय, मग मालक किती का शपथा खाईना.

सरकारी बाजूही बघा, गंमत आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचा नियम आणला, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, आणि अट काय, तर मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनमधे मोठा फेरफार नको. नवीन नोंदणी असेल तर वीस हजार फी, दहा वर्षांची, नंबरमधे व्हीए येतं, पण आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. आमची ती जुनी तीन अक्षरांची पाटी, ती मी सोडणार नाही. फक्त रोज ऑफिसला नेता येत नाही हां, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. म्हणजे नियमसुद्धा तेच म्हणतोय, मूळ रूप.

आता मॉडिफायवाली पोरं म्हणतील दादा आम्हाला झोडणार. नाही रे बाबांनो. जपानमधे योकोहामाला दायकोकू पार्किंग एरिया आहे, एक्सप्रेसवेच्या गोल गोल फिरणाऱ्या रॅम्पच्या पोटात, आत जायला एक्सप्रेसवेवरूनच जावं लागतं. शनिवारी रात्री तिथे निसानच्या स्कायलाइन, माझदाच्या आरएक्स सेव्हन, जमिनीला पोट टेकलेल्या व्हॅन, छोट्या केई गाड्या, सगळं शेजारी शेजारी, मग पोलिस येतात, लाउडस्पीकरवर सांगतात बंद करतोय, निघा, आणि सगळे मुकाट निघतात. माझा मावसभाऊ तिकडे नोकरीला आहे, तो म्हणाला लोक शो-ऑफ कमी आणि एकमेकांच्या बोनेटमधे डोकं घालून जास्त उभे असतात.

आणि तिथेही तेच सुरू झालंय. अमेरिकेत पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी झाली की त्यांचे सेफ्टीचे नियम लागू होत नाहीत, सरळ आयात करता येते. स्कायलाइनचंच १९८९ चं मॉडेल, आर ३२ जीटीआर, २०१४ ला मोकळं झालं, १९९९ ची आर ३४ २०२४ ला, आणि किमती जपानमधेच आभाळाला भिडल्या. मग आता शोध कुणाचा, तर जिला कुणी हातच लावला नाही अशा स्टॉक गाडीचा. ज्या पिढीने प्रत्येक स्कायलाइनला मोठा टर्बो ठोकला तीच पिढी आता कंपनीचा मूळ सायलेन्सर शोधत फिरतेय.

आपल्याकडे ती गाडी येणं अवघडच, साधी वापरलेली गाडी आयात करायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ नमुन्यात फेरफार नको. म्हणून आपली पोरं पहिल्या होंडा सिटी व्हीटेकच्या मागे लागतात, १५०० सीसी, शंभरवर हॉर्सपॉवर, २००० च्या सुमाराची. तुमच्या बापाकडे अशी असेल, मूळ रंगात, सीटकव्हर न फाटलेली, तर प्लीज तिच्यावर रंगीत स्टिकरचं रॅप लावू नका. तीच उद्याची फियाट आहे. काळीपिवळी आठवा ना, मुंबईत हजारो पद्मिनी होत्या, कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमधे शेवटची रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा सगळे फोटो काढायला धावले.

बरं, आता डावी दारं. दोन पर्याय आहेत, एक तर उजवीकडचा रंग जुळवून तेवढीच रंगवायची, मूळ नाही हे कागदावर लिहून ठेवून, नाहीतर पारदर्शक लेप देऊन अशीच ठेवायची. आजीला विचारलं तर म्हणाली त्या बाजूला मी बसायचे, माझी बाजू घासली आणि त्यांची ठेवली, चांगलंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुम्ही सुचवा कमेंटमधे.

पिंट्या, गाडी सुरू करून दाखवू? काल रात्री प्लग काढून सिलेंडरमधे थोडं तेल सोडलंय, सकाळी हाताने फिरवून बघितलं, मोकळी आहे. धूर येणार पहिल्यांदा, तेल जळतं ते, घाबरू नका. चोक ओढला... थांब. थांब... हां, एकदा फुसकी निघाली. परत. त्या कोंबड्यांना हाकल आधी मागून.