भांडण कुणाचं आणि मार कुणाला

मंडळी, सुरुवात डिसेंबर २०१३ पासून करतो कारण तो आठवडा मी विसरूच शकत नाही. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाचा कौशल केसचा निकाल आला आणि दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये समलिंगी माणसांच्या मानेवरून काढलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत येऊन बसलं. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये आपल्या राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, अंगझडती घेतली गेली, देशभर संताप, आणि तो संताप खरा होता, मलाही आला होता. दिल्लीत अमेरिकन दूतावासाबाहेरचे बॅरिकेड्स काढले, इथपर्यंत समजू शकतो. पण मग माजी परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा जाहीरपणे म्हणाले, की अमेरिकन अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना आपण व्हिसा दिलेत ना, मग आता सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाच आहे, करा त्यांना अटक.

त्या वेळी माझा एक मित्र शेजारी बसला होता. तो गे आहे, घरी तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, फक्त रिमोट घेऊन आवाज बंद केला, चित्र तसंच चालू, पोह्यांची डिश हातात तशीच. बऱ्याच वेळाने म्हणाला, भांडण कुणाचं आणि मार कुणाला.

आज मला जे सांगायचंय ते सगळं त्याच्या त्या एका वाक्यात आहे. दोन सरकारं जेव्हा एकमेकांना दाबायला हा विषय वापरतात तेव्हा किंमत तिथला गे माणूस मोजतो, आणि तोच माणूस जेव्हा स्वतःहून आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेतो तेव्हा मात्र खरंच काहीतरी हलतं.

युगांडाचं बघा. २०११ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन म्हणाले होते की जे देश समलिंगी लोकांना छळतात त्यांची मदत कमी करू. यावर खुद्द आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी जाहीर पत्रक काढलं की आमच्या नावाने असं करू नका, मदत थांबली तर दवाखाना आमचाही बंद होतो आणि वर शेजारीपाजारी म्हणणार की हे तुमच्यामुळे झालं. २०१४ मध्ये युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी समलिंगी लोकांविरुद्धच्या कडक कायद्यावर सही केली, वर्ल्ड बँकेने ९ कोटी डॉलरचं कर्ज अडवलं, आणि ते कर्ज कशासाठी होतं तर आरोग्यसेवेसाठी. कायदा पडला तो त्यांच्याच कोर्टात, संसदेत कोरम नव्हता म्हणून. २०२३ मध्ये आणखी कडक कायदा आला, काही बाबतीत फाशीसुद्धा, बँकेने नवीन कर्ज थांबवलं, २०२५ मध्ये परत सुरू करतो म्हणाली, आणि कायदा बहुतांशी जागच्या जागी. म्हणून जगाने गप्प बसावं का? नाही, अजिबात नाही. पण बोलावं कसं ते तिथल्या माणसाला आधी विचारून.

आता टास्मानिया. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, त्याच देशाचं एक राज्य, आणि तिथला कायदा आपल्या ३७७ चाच भाऊबंद, २१ वर्षांपर्यंत तुरुंग. होबार्ट शहरात दर शनिवारी सलामांका नावाचा बाजार भरतो. १९८८ मध्ये काही जणांनी तिथे टेबल टाकून कायदा बदला म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली. पालिकेने बंदी घातली. तरी ते दर शनिवारी येऊन उभे राहायचे, पोलीस उचलून न्यायचे, पुढच्या शनिवारी परत हजर. शंभराहून जास्त जणांना अटक झाली, एका टेबलापायी!

त्यांच्यातलाच एक निकोलस टूनेन. नागरी आणि राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याला एक जोड-करार आहे, प्रोटोकॉल म्हणतात, तो ज्या देशाने मानला तिथला साधा नागरिक स्वतःच्या सरकारविरुद्ध थेट यूएनच्या समितीकडे जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात तो लागू झाला २५ डिसेंबर १९९१ ला, आणि टूनेनची तक्रार त्याच तारखेची आहे, नाताळच्या दिवसाची. टास्मानियाचं म्हणणं, नैतिकता हा आमचा अंतर्गत मामला आणि शिवाय या कायद्यामुळे एड्स आटोक्यात राहतो. मार्च १९९४ मध्ये समितीने दोन्ही मुद्दे खोडले, म्हणाली असल्या कायद्याने लोक लपतात आणि एड्स रोखायच्या कामालाच अडथळा येतो. तरी टास्मानिया ऐकेना. मग याच मोहिमेतले रॉडनी क्रूम आणि त्यांचे साथीदार स्वतः पोलिसांकडे गेले, आम्ही हा गुन्हा केलाय म्हणून जबाब दिला, करा खटला. कुणी केला नाही! शेवटी १९९७ मध्ये कायदा रद्द झाला.

हे इतकं लांबवून का सांगतोय, तर २००९ चा दिल्लीचा निकाल काढून वाचा, त्यात टूनेन आहे. होबार्टच्या बाजारातलं ते भांडण आपल्या कोर्टात येऊन पोचलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं परदेशी निकाल असे डोळे झाकून आणू नका, पण ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्याच पाच न्यायाधीशांनी २०१३ चा तो निकालच पुसला. पुढे नऊ महिन्यांत, जून २०१९ मध्ये, बोत्स्वानाच्या हायकोर्टाने तिथला तसलाच कायदा रद्द केला, एका तरुण विद्यार्थ्याच्या अर्जावर, आणि त्या निकालात आपल्या नवतेजचा दाखला आहे. १८६० मध्ये इंग्रजांनी हे कलम इथे लिहिलं आणि तोच नमुना त्यांच्या कितीतरी वसाहतींत नेला, आता त्याच वाटेने त्यातून सुटकेचा निकाल चाललाय. मला हे सांगताना आजही भरून येतं.

पण कोर्ट वेगळं आणि परराष्ट्र खातं वेगळं. २०१५ मध्ये यूएनच्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलती काढून घ्या असा ठराव रशियाने आणला, तो ४३ विरुद्ध ८० मतांनी पडला, आणि त्या ४३ मध्ये भारत होता. २०१६ मध्ये या हक्कांवर लक्ष ठेवायला स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठराव आला, भारत तटस्थ. तेव्हा निदान ३७७ ची सबब होती. २०१९ मध्ये त्याच तज्ज्ञाची मुदत वाढवायची होती, तोवर नवतेजचा निकाल येऊन गेलेला, तरी भारत तटस्थ! हे मला फार लागतं, कारण घरात आपण ज्याला हक्क म्हणतो त्याच्यासाठी बाहेर साधा हातही वर करत नाही.

आणि तो प्रोटोकॉल. मूळ करार भारताने १९७९ मध्ये मानला, प्रोटोकॉल अजूनही नाही मानलेला. म्हणजे टूनेनने नाताळच्या दिवशी जे केलं ते सांगलीतल्या किंवा अकोल्यातल्या मुलाला करायचं असेल तर दारच बंद आहे. आपण लग्नाच्या हक्काचं बोलतो, बोललंच पाहिजे, पण ही मागणी मी आजवर एकाही मोर्चात ऐकलेली नाही. खासदारांना द्यायच्या पत्राचा एक मसुदा मी केलाय, एकच पान आहे, बाहेर चपला काढतो तिथल्या टेबलावर पेनसकट ठेवलाय. जाताना वाचा, पटलं तर सही करा, काही चुकलं असेल तर तिथेच मार्जिनमध्ये लिहा.