ध्रुवांवरचा हवामान अंदाज

श्रोतेहो, नमस्कार. दूरदर्शनवरच्या बातम्यांत भारतावरील ढगांचे जे चित्र दाखवतात, ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहाने टिपलेले असते. हा उपग्रह पृथ्वीच्या गतीने फिरत असल्याने आपला देश त्याच्या नजरेखाली चोवीस तास राहतो. ध्रुव मात्र त्याच्या दृष्टीच्या अगदी कडेला येतात आणि तेथील ढग त्याला धड दिसत नाहीत. ध्रुवांवरून जाणारे उपग्रह ही उणीव काही अंशी भरून काढतात. तरीही जमिनीवरची केंद्रे आणि हवेची मोजमापे घेण्यासाठी उपकरणांसह वातावरणात सोडले जाणारे फुगे यांची गरज उरतेच, आणि भारताच्या चौपटीहून मोठ्या अंटार्क्टिकावर अशी केंद्रे फारच थोडी आहेत. उद्याचे गणित आजच्या नोंदींवर मांडायचे असते. नोंदीच विरळ असतील, तर महासंगणक कितीही मोठा असला तरी तो काय करणार?

दुसरी अडचण समुद्रावरच्या बर्फाची. डिसेंबर २०१३ मध्ये ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ अडकले, ते वाऱ्याने ढकलत आणलेल्या जाड बर्फामुळे. मदतीला गेलेले चिनी ‘श्वे लाँग’ हे जहाजही पुढे अडकले; प्रवाशांना त्याच्या हेलिकॉप्टरने उचलून ‘ऑरोरा ऑस्ट्रेलिस’ या ऑस्ट्रेलियन जहाजाकडे नेण्यात आले. वारा फिरल्यावर बर्फात फटी पडल्या आणि दोन्ही जहाजे सुटली. वाऱ्याने बर्फ सरकतो आणि बर्फ सरकल्यावर उघड्या पडलेल्या पाण्यातून उष्णता व बाष्प हवेत जाऊन हवामान पुन्हा बदलते. म्हणून हवा, समुद्र आणि बर्फ यांचे गणित एकत्र मांडावे लागते.

हे ओळखून जागतिक हवामान संघटनेने २०१३ ते २०२२ असा ध्रुवीय अंदाजाचा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. त्यातील ‘ध्रुवीय अंदाज वर्ष’ २०१७च्या मध्यापासून २०१९च्या मध्यापर्यंत चालले, म्हणजे नावाने वर्ष असले तरी प्रत्यक्षात दोन वर्षे! त्यातील ठरावीक महिन्यांत दोन्ही ध्रुवांवर नेहमीपेक्षा अधिक फुगे सोडण्यात आले, जेणेकरून वाढीव नोंदींनी अंदाज किती सुधारतो हे ताडून पाहता यावे.

याच्याशी आपला संबंध गोव्याच्या वाटेने येतो. अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अशा मोहिमांची आखणी करते. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ व ‘भारती’ या भारतीय तळांवर भारतीय हवामान विभागाची माणसे नोंदी घेतात. ‘मैत्री’च्या दक्षिणेकडे हिमपठार चढत जाते, त्यावरची थंड, जड हवा उताराने घसरत खाली येते, आणि हा वारा भूरूपाच्या बारीकसारीक चढउतारांवर अवलंबून असल्याने ढोबळ जाळीच्या प्रारूपाला, म्हणजे प्रदेशाचे मोठमोठे चौकोन पाडून हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय पद्धतीला, तो नीट पकडता येत नाही.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो शेवटचा टप्पा, म्हणजे अंदाज पोहोचवणे. हेलिकॉप्टर उडवायचे की नाही हे ठरवणाऱ्याला सरासरी तापमान नको असते. पुढच्या सहा तासांत या ठिकाणी वारा किती असेल आणि समोरचे दिसेल का, एवढेच त्याला हवे असते. जहाजावर इंटरनेट मंद असेल, तर बर्फाचे मोठे चित्र पूर्ण उतरेपर्यंत खालचा बर्फ जागा सोडून गेलेला असतो. तेथे चार ओळींचा, ठिकाण आणि वेळ नेमकी सांगणारा मजकूरच अधिक कामाला येतो.