रात्रीच्या वीस मिनिटांची पुस्तकं

नमस्कार मंडळी. 'घरात वाचायला चांगली पुस्तकं सांगा' असं कुणी म्हटलं की बहुतेक वेळा थोर पुस्तकांची यादी हातात पडते. पुस्तकं थोर असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ती घरी येतात, त्यातली दहा पानं वाचून होतात आणि मग ती कपाटात जाऊन बसतात. याचं कारण असं, की निवडताना पुस्तकाचा मोठेपणा बघितला जातो. ते कोण वाचणार, कुणाला ऐकवणार आणि रोज किती वेळ, हे कुणी बघत नाही. म्हणून आज मी आधी वेळेचा हिशोब मांडतो आणि मग पुस्तकांची नावं घेतो.

मराठी मजकूर मोठ्याने, ऐकणाऱ्याला समजेल असा वाचला तर मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द होतात. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकात एका पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. म्हणजे पानाला अडीच मिनिटं. रात्री जेवणं आवरल्यावर घरातल्या सगळ्यांकडून वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ झालं, आणि वीस मिनिटांत आठ पानं होतात. म्हणून पुस्तक हातात घेतलं की मलपृष्ठावरची स्तुती वाचण्याआधी अनुक्रमणिका उघडा आणि पानांच्या आकड्यांची वजाबाकी करा. प्रकरणं चार ते आठ पानांची असतील तर ते पुस्तक मोठ्याने वाचायला सोयीचं. प्रकरण तीस पानांचं असेल तर कुठे थांबायचं हे आधीच ठरवून पेन्सिलीने खूण करून ठेवावी लागते. नाही तर मूल पेंगतं, वाचणारा 'एवढं संपवूनच टाकू' म्हणून घाई करतो, आणि दुसऱ्या दिवशी कालचं कुणालाच आठवत नाही.

या हिशोबात चोख बसणारं पुस्तक म्हणजे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केला आहे आणि नॅशनल बुक ट्रस्टने तो स्वस्तात काढला आहे. प्रकरणं तीन-चार पानांची. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलीचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेणारे मुख्याध्यापक, एवढ्यावरच आठ वर्षांचं मूल गुंततं. मोठ्यांना त्यातून शाळेबद्दल वेगळंच काही ऐकू येतं. एकाच संध्याकाळी दोन पिढ्यांना दोन वेगळ्या कारणांनी आवडणारी पुस्तकं फार नसतात. ज्या घरात वाचनाची सवयच नाही तिथे मी हेच पुस्तक पहिलं सुचवतो.

आता 'श्यामची आई'. १९३५ साली पुस्तकरूपाने आलेलं हे पुस्तक मुळातच रात्री ऐकायच्या गोष्टींचं आहे, त्याच्या प्रकरणांनाही 'रात्र' असंच म्हटलेलं आहे. तरीही अनेक घरांत ते चौथ्या-पाचव्या रात्री अडतं. याचा दोष पुस्तकाकडे कमी आणि वाचणाऱ्याकडे जास्त. प्रत्येक रात्रीनंतर 'बघ, श्याम कसा होता, आणि तू?' असं सुरू झालं की मूल दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून उठून जातं. शिवाय अगदी पहिल्या रात्रीपासून ओळीने जायची गरज नाही. 'थोर अश्रू'पासून सुरुवात करा. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावणारा श्याम त्यात आहे. मग 'पत्रावळ', मग 'श्यामचे पोहणे'. या तिन्हींत श्याम हट्टी आहे, रुसका आहे, भित्रा आहे. मुलांना तो आधी असा भेटू द्या. पुढच्या दुःखाच्या रात्री दहा-अकरा वर्षांच्या वयाला ठेवल्या तरी चालतात. आणि तात्पर्य तुम्ही सांगू नका, सानेगुरुजींनी ते सांगून ठेवलेलंच आहे.

अगदी लहानांपासून बोलू. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी डोळे झाकून सांगतो. 'यशच्या गोष्टी' घ्या किंवा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तिकांचा संच घ्या. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांचीच, त्यामुळे जे शब्दांत नाही ते चित्रात सापडतं. इथे होणारी चूक म्हणजे पान पटकन उलटणं. मजकूर दोन ओळींचा असतो, मोठ्यांचं वाचून होतं आणि बोट पुढच्या पानावर जातं. मूल मात्र अजून चित्रातच असतं, कोपऱ्यातली चप्पल किंवा खिडकीतलं मांजर बघत असतं. पान मुलाने उलटायचं, हा नियम करा. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या.

याच वयाला विंदा करंदीकरांच्या बालकविता ऐकवाव्यात. 'राणीची बाग' किंवा 'एटू लोकांचा देश' घ्या. तिबेटच्या जरा खाली आणि हिमालयाच्या जरा वर असलेला, उडत्या घरांचा तो देश चार वर्षांच्या मुलाला पूर्णपणे पटतो. कविता वाचताना अर्थ समजावत थांबू नका, ठेका मोडतो. एका बैठकीत दोनच कविता, पण प्रत्येक दोनदा. तिसऱ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही गाळा, मूल तो भरून काढेल. हेच मूल आठवडाभर 'पुन्हा तीच' म्हणेल. कंटाळा आपल्याला येतो, त्याला येत नाही. त्या पुनरावृत्तीतूनच शब्द तोंडात बसतात.

सहा ते आठ हा खरा अवघड टप्पा. मूल अक्षरं ओळखायला लागलेलं असतं आणि पालकांना वाटतं, आता याने स्वतः वाचावं. म्हणून मोठ्याने वाचून दाखवणं बंद होतं, आणि तिथेच पुस्तकाची गोडी जाते. कारण साधं आहे. मुलाला ऐकून समजणारी गोष्ट पुष्कळ पुढची असते आणि वाचता येणारं वाक्य असतं 'कमल नमन कर' या पातळीचं. दोन्ही समांतर चालू ठेवावं लागतं. स्वतः वाचायला कमी जोडाक्षरांची, मोठ्या टाइपाची, एका पानावर पाच-सहा ओळींची पुस्तकं द्या. प्रथम बुक्सची अशी पुस्तकं स्वस्त आहेत. त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि त्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. परदेशात वाढणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या पण देवनागरीत अडखळणाऱ्या मुलांनाही पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करता येते, वय दहा असलं तरी.

पुस्तक जड आहे का हे ओळखायची एक जुनी, सोपी पद्धत आहे. मधलं कुठलंही एक पान मुलाला वाचायला द्या. जिथे अडेल तिथे त्याने एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. एक-दोन बोटं मिटली तर त्याच्या हाती द्यायचं.

आठ ते अकरा ही वाचनाची चंगळ असते, आणि या वयाला मराठीत काही कमी नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. त्याची सायकल आणि तो 'ट्टॉक' आवाज. एवढ्या वर्षांनीही त्याचा वेग कमी झालेला नाही. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्याहून संथ आहे. तो मुलांच्या हाती एकदम न देता पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे जुन्या वळणाच्या भाषेचा कान तयार होतो. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' शहरातल्या मुलांना लगेच आपला वाटतो. सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या रहस्यकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. गुप्तहेराची चटक लागलेल्या मुलाला एकामागून एक देत राहा. मालिका वाचणाऱ्या मुलांबद्दल 'सारखं तेच ते वाचतो' अशी तक्रार ऐकू येते. तक्रार करू नका. ओळखीची पात्रं असली की नव्या पुस्तकात शिरायचे श्रम वाचतात आणि वाचनाचा वेग वाढतो. मालिका संपली की मूल आपण होऊन दुसरीकडे वळतं.

या वयाला आणखी एक गोष्ट घरात हवी, ती म्हणजे 'किशोर' मासिक. बालभारतीने ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ज्या मुलाला लांबलचक पुस्तकाची भीती वाटते त्याला अंक बरा. दोन पानांची गोष्ट, एक कविता, एक कोडं, झालं.

बाराच्या पुढे मोठ्याने वाचणं कमी होतं आणि पुस्तक नुसतं हाताशी ठेवणं जास्त होतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' पहिल्यांदा द्यावं. दोनेकशे पानांच्या आत संपतं, आणि गुलामीत जन्मलेला मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ कसा झाला ही हकिगत कुणालाही धरून ठेवते. शांता शेळके यांनी अनुवादलेलं 'चौघीजणी' सुट्टीसाठी राखून ठेवा, जाडजूड आहे. राम पटवर्धनांचं 'पाडस' तर अनुवाद आहे हे विसरायला होतं, पण त्याचा शेवट कठोर आहे. ज्या हरणाच्या पाडसाला मुलाने वाढवलं त्यालाच गोळी घालायची वेळ येते. घरात नुकतंच पाळीव जनावर गेलं असेल तर ते पुस्तक सहा महिने पुढे ढकला. मिलिंद बोकील यांची 'शाळा' चौदाच्या पुढे, आणि ती आईबाबांनी मोठ्याने वाचायची नाही हो! नववीतल्या मुलांच्या तोंडची भाषा आणि वर्गातल्या मुलीवरचं प्रेम बाबांच्या आवाजात ऐकणं ही मुलाला शिक्षाच. ती शेल्फात दिसेल अशी ठेवा आणि विसरून जा.

आता मोठ्यांकडे येतो. घरातल्या मोठ्यांची खरी अडचण ही, की दिवसभराच्या कामानंतर मेंदूला जड काही नको असतं, आणि मग हात फोनकडे जातो. म्हणून सुरुवात विनोदापासून. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' हा लेख वजन कमी करायला निघालेल्या कुणाही माणसासमोर वाचावा. फक्त पु. लं.च्या ध्वनिमुद्रणाची नक्कल करू नका. तो आवाज सगळ्यांच्या कानात असतो आणि तुमचं वाचन त्यापुढे उगाच फिकं पडतं. आपल्या साध्या आवाजात, वाक्य संपल्यावर एक श्वास थांबून वाचा. हशा त्या थांबण्यात येतो. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या ग्रामीण कथांनाही हेच लागू. बोली येत असेल तर जरूर घ्या, येत नसेल तर ओढूनताणून आणू नका. 'व्यंकूची शिकवणी' सपाट वाचली तरी हसू येतंच.

चिं. वि. जोशींचे चिमणराव १९३० च्या दशकातले. त्यांचं पुणं आज राहिलेलं नाही, तेव्हा वाचताना दर पानाला दोन-तीन शब्द अडतील. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाच वाचायला बसवा. अर्थ सांगायला ते एका पायावर तयार असतात, आणि काऊ, मोरू, मैना ही मंडळी त्यांच्या ओळखीची असतात.

त्यानंतर 'वनवास'. प्रकाश नारायण संतांचा लंपन बेळगावकडच्या वातावरणात, आजी-आजोबांकडे राहणारा. त्याला कुठलीही गोष्ट हजारांच्या आकड्यात मोजायची सवय, आणि कानडीच्या शेजारची त्याची मराठी. कथा लांब आहेत, एक-एक तीन-चार रात्री चालते. इथे मघाशी सांगितलेली पेन्सिल लागेल. प्रसंग बदलतो तिथे थांबा, वाक्याच्या मध्ये नको. मुलं बारा-तेराची असतील तर तीही ऐकतील, पण हे पुस्तक मुलांबद्दलचं आहे, मुलांसाठीचं नव्हे. वाचता वाचता आवाज घोगरा होणार तो मोठ्यांचा.

'बनगरवाडी' लहान आहे. वीस मिनिटांच्या हिशोबाने दोन-तीन आठवड्यांत संपते. धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं व्यंकटेश माडगूळकर दोन-दोन वाक्यांत उभी करतात. वाक्यं इतकी आखूड, की वाचणारा दमत नाही. त्यांचंच 'सत्तांतर' मात्र लहान मुलांसमोर नको. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई आहे आणि त्यात पिल्लं मारली जातात.

लक्ष्मीबाई टिळकांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' वाचायची राहिली असेल तर ती याच वर्षी वाचा. सोवळ्याच्या पायी बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवायला लावणारे वडील आणि घरात काय शिल्लक आहे याची शुद्ध नसलेले पती ना. वा. टिळक, या सगळ्यांबद्दल लक्ष्मीबाई अशा बोलतात की मोठ्याने वाचताना वाक्याची जुळवाजुळव करावी लागत नाही. घेताना मात्र एक बघा. या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात. तुम्हाला पूर्ण हवं असेल तर मुखपृष्ठाच्या आतलं पान वाचून खात्री करून घ्या. इतर जुन्या पुस्तकांच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' एका बैठकीत वाचायला जाल तर फसाल. भाषा दाट आहे. चैत्र लागला की चैत्र वाचा, वैशाख लागला की वैशाख. एका महिन्याला एक लेख, तोही दोन दिवसांत अर्धा-अर्धा. वाचून झाल्यावर खिडकीतून दिसणारं झाड कुठलं, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नाही असं लक्षात येतं. मग झाडांची माहिती देणारं एखादं पुस्तक आणायला लागतं, पण तो खर्च तुम्ही तुमचा करा.