काचेवरची पेन्सिल

काचेची जुनी निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरा. चेहऱ्याच्या भागावर शिशाच्या बारीक रेघोट्या चमकतील. हे रिटचरचं, म्हणजे निगेटिव्हवर हातानं दुरुस्ती करणाऱ्याचं काम.

निगेटिव्ह रिटचिंगचा पायंडा पाडल्याचं श्रेय बहुधा म्युनिकचा छायाचित्रकार फ्रान्त्स हान्फ्श्टेंगल याला देतात; १८५५च्या पॅरिस प्रदर्शनाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पण गरज प्लेटनंच निर्माण केली होती. कलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेल्या काचेच्या प्लेटवर निळ्या प्रकाशाचा परिणाम होई, लाल-पिवळ्याचा जवळजवळ नाही. त्यामुळे गालांची लाली, वांग, तपकिरी ठिपके निगेटिव्हवर पारदर्शक राहत आणि छापात प्रत्यक्षाहून काळे उमटत. रिटचिंगला सरसकट खोटेपणा म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

निगेटिव्हवरच्या गुळगुळीत व्हर्निशवर पेन्सिलचं शिसं धरत नाही. त्यासाठी डॅमर राळ टर्पेंटाईनमध्ये विरघळवून तिचा थेंबभर लेप तलम कापडानं चोळायचा. लेप जाड झाला तर चिकट राहतो, शिसं फासतं. फार पातळ झाला तर पेन्सिल घसरते.

प्लेट तिरप्या डेस्कवर ठेवतात. खालचा आरसा उजेड वर फेकतो, आणि वरच्या आडोशामुळे बाकीचा प्रकाश डोळ्यांत येत नाही. पेन्सिल एचबीपासून फोर-एचपर्यंत, शिसं इंचभर उघडं, सँडपेपरवर घासून सुईसारखं केलेलं. दाब द्यायचाच नाही. निगेटिव्हवर भरलेला प्रत्येक ठिपका छापात उजळ होतो. आधी डाग भरायचे, सुरकुत्या नंतर, आणि त्याही अर्ध्याच. नाकापासून ओठांच्या कडेला उतरणारी घडी पूर्ण भरली, की गाल सुजल्यासारखा दिसतो. कपाळ आणि नाकाचा दांडा सर्वांत उजळ राहिले पाहिजेत. सगळीकडे सारखंच शिसं चढलं तर हाडांची ठेवण जाते आणि माणूस ओळखू येईनासा होतो. नवशिक्यांचं काम बहुतेक इथेच फसतं.

पुढे कलोडियनऐवजी जिलेटिनचा थर असलेल्या प्लेटा आल्यावर चाकूचं काम वाढलं. त्याचा परिणाम उलटा: थर खरवडला की छापात ती जागा गडद होते. पांढऱ्या झग्यातली कंबर गडद पडद्यासमोर बारीक करायची, तर कडेचा थर हलक्या हातानं उतरवायचा. पातं काचेपर्यंत गेलं तर तिथे काळीकुट्ट रेघ छापली जाते. पेन्सिलची चूक टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसता येते, चाकूची नाही.

हे सगळं प्लेटच्याच आकाराच्या छापासाठी. तीच निगेटिव्ह मोठी करून छापली, की चेहऱ्यावर रेघांचं जाळं दिसू लागतं. म्हणून मोठ्या तसबिरीचं बरंचसं काम कागदावरच, क्रेयॉन आणि रंगानं करत.