सुई कुठून घातली?

(सीटी स्कॅनचा पडदा.)

जठराच्या मागे, स्वादुपिंडाच्या मधल्या भागात हा काळपट डाग बघा. कॅन्सर बहुतेकदा असाच दिसतो. पण जुनाट सुजेचा गोळाही असाच दिसतो, आणि आपल्या देशात क्वचित क्षयाची गाठसुद्धा. एकाला केमो किंवा मोठं ऑपरेशन, दुसऱ्याला काही महिन्यांच्या गोळ्या. नुसत्या डागावरून यातलं काय, हे ठरवायचं कसं?

स्वादुपिंड खोल, कण्यापाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या गराड्यात. पोटावरून सोनोग्राफी करावी तर आतड्यातला वायू आड येतो. म्हणून सोनोग्राफीचा प्रोब दुर्बिणीच्या टोकाला बसवला. ही दुर्बीण तोंडावाटे जठरात उतरली, की स्वादुपिंड भिंतीपलीकडेच असतं. १९९२ साली डेन्मार्कच्या पीटर व्हिलमन आणि सहकाऱ्यांनी याच वाटेने सुई घालून स्वादुपिंडाच्या पेशी काढल्याचं प्रसिद्ध केलं.

(सुईचं टोक, अगदी जवळून.)

ही २२ गेजची सुई. जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत. वाटेत रक्तवाहिनी नाही, हे डॉप्लरवर, म्हणजे वाहतं रक्त दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, बघूनच ती पुढे सरकते. मिळालेला लालसर थेंब काचपट्टीवर पसरतात, वाळवतात, झटपट रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट तिथेच मायक्रोस्कोप लावून बसलेल्या असतात.

"सर, सुई जठरातून घातली की ड्युओडेनममधून?" (ड्युओडेनम म्हणजे जठरानंतरचा, लहान आतड्याचा पहिला भाग.)

"जठरातून."

"मग या पेशी जठराच्याच अस्तराच्या आहेत. आणखी एकदा घ्या."

आम्हाला हे दोन वाक्यांचं बोलणं फार मोलाचं वाटतं. सुईची वाट माहीत नसती, तर याच पेशी गाठीतल्या समजून चुकीचा रिपोर्ट गेला असता. जिथे ही सोय नसते, तिथे कधी आठवड्याने "नमुना अपुरा" असा कागद हातात येतो, आणि रुग्णाला पुन्हा उपाशीपोटी त्याच टेबलावर झोपावं लागतं.

(मायक्रोस्कोपमधून.)

स्वादुपिंडातल्या निरोगी नलिकेच्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या नीट रचलेल्या. कॅन्सरमध्ये पोळं विस्कटतं. एकाच पुंजक्यात एखादं केंद्रक शेजारच्याच्या चौपट असतं.

क्षयाचे ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे छोटे पुंजके, दिसले, तर पुढचा नमुना फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, टाकायचा नाही. त्यात जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं, होत नाही. म्हणून रुग्ण टेबलावर असतानाच पॅथॉलॉजिस्ट सांगतात, "पुढचा थेंब सलाइनच्या बाटलीत घ्या."