प्रतिकारक जनुकं: धानाची मोजकी पुंजी

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर साकोली, लाखांदूर, ब्रह्मपुरी, नागभीडकडून आलेले शेतकरी बसले आहेत. महाराजबागेला लागून असलेल्या कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत. आणि धान न पिकवता रोज भात खाणारे नागपूरकरही आहेत. तिघांच्याही कामाचा एकच मुद्दा मला मांडायचा आहे. किडीला तोंड देण्याची धानाची उपजत ताकद त्याच्या जनुकांत असते. ही जनुकं मोजकी आहेत, आणि ती कुठे, किती आणि कशी वापरायची याचा विचार न करता आपण ती खर्च करत आलो आहोत.

गादमाशीपासून सुरुवात करतो. पूर्व विदर्भात धान करणाऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको, पण शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. ही डासाएवढी माशी रात्री उडते आणि पानांवर अंडी घालते. अळी बाहेर पडली की पावसाच्या, दवाच्या ओलाव्यावरून सरपटत खाली उतरते, पानाच्या आवरणाआडून फुटव्याच्या वाढबिंदूपाशी पोचते आणि तिथेच खायला बसते. ढगाळ, झिमझिम पावसाचे दिवस तिला मानवतात ते यासाठीच. ती खायला लागली की फुटव्याची वाढ भलत्याच दिशेने जाते. पानं आणि लोंबी निघण्याऐवजी एक फिकट, चकचकीत, पोकळ नळी वर येते. हाच चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला दाणा धरत नाही.

हा पोंगा नखाने उभा चिरून पाहा. माशी निघून जायच्या आधी चिरलात तर आत कोष सापडेल. त्याच्या अंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या आधाराने तो नळीतून वर सरकतो, शेंड्याजवळ भोक पाडतो, अर्धा बाहेर येतो आणि माशी उडून जाते. मागे त्या भोकात कोषाची रिकामी कात अडकलेली दिसते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा सगळा खेळ साधारण तीन आठवड्यांत आटोपतो.

पोंगा दिसला म्हणजे अळीचं काम झालेलं असतं. त्यानंतर फवारा मारून तो फुटवा वाचत नाही. उलट गादमाशीच्या पिल्लावळीवर जगणारी प्लॅटिगॅस्टर नावाची इवलीशी परोपजीवी माशी त्या फवाऱ्यात मरते. म्हणून या किडीशी झुंज रोपानेच द्यावी लागते. ती कशी देतं, हे पाहण्यासारखं आहे. प्रतिकारक वाणावरही माशी अंडी घालते, अळी तशीच वाढबिंदूपर्यंत पोचते. पण ती खायला लागताच काही वाणांमध्ये तिच्याभोवतालच्या पेशी स्वतःहून मरतात, तो भाग तपकिरी पडतो आणि अळी संपते. काही वाणांमध्ये तपकिरी डाग पडतच नाही, तरीही अळी जगत नाही. म्हणजे रोपांकडेही निरनिराळ्या युक्त्या आहेत, आणि प्रत्येक युक्तीमागे वेगळं जनुक आहे.

तेलंगणातला वरंगळचा भाग म्हणजे या माशीचा बालेकिल्ला. तिथून १९७५ मध्ये 'काकतीय' हा गादमाशीला प्रतिकारक वाण आला. पाठोपाठ 'सुरेखा' आणि 'फाल्गुना' आले. या दोघांत आयआर-८ या बुटक्या वाणाचा सियाम-२९ शी संकर केलेला होता. सियाम-२९ कडून आलेल्या जनुकाला आज जीएम-२ म्हणतात. इथलं 'जीएम' म्हणजे गॉल मिज, गादमाशी. जनुकीय बदल केलेल्या पिकांशी त्याचा संबंध नाही. अशी डझनभर जनुकं आजवर नोंदली गेली आहेत. त्यांतलं जीएम-८ आपल्या शेजारच्या छत्तीसगडच्या 'झिटपिटी' नावाच्या देशी धानात सापडलं, याचा मला विशेष आनंद वाटतो.

'फाल्गुना' चांगला चालला. शेतकऱ्यांनी तो मोठ्या क्षेत्रावर लावला. आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंध्रच्या उत्तर किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांत त्याच्यावर चंदेरी पोंगे दिसू लागले. बियाणं भेसळीचं नव्हतं, जनुकही जागच्या जागी होतं. बदलली होती ती माशी. अशा बदललेल्या कुळीला बायोटाइप म्हणतात, आणि भारतात गादमाशीचे किमान ७ बायोटाइप नोंदले गेले आहेत.

माशी ठरवून बदलत नाही, हे नीट समजून घ्या. एका गावाच्या शिवारात माश्या कोट्यवधी असतात. त्यांत एखाद-दुसरी अशी असते जिला रोपाचं ते जनुक ओळखू शकत नाही. वाणांची सरमिसळ असते तोवर तिला काही विशेष फायदा नसतो. पण सगळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, एकच प्रतिकारक वाण उभा राहिला की बाकीच्या मरतात आणि तिचंच कूळ वाढतं. तीन आठवड्यांना एक पिढी, म्हणजे एका खरिपात चार-पाच पिढ्या. वाण जितका लोकप्रिय, तितकी ही निवड कडक.

तुडतुड्याची कथाही याच वळणाची, फक्त तिचा पसारा मोठा. तपकिरी तुडतुडा चुडाच्या, म्हणजे धानाच्या झुपक्याच्या, बुंध्याशी बसून रस ओढतो. पीक निसवून दाणे भरायला लागतात आणि शेतात गोल गोल चकत्या पडून धान करपतं. आपण म्हणतो, तुडतुड्याने शेत जाळलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये आयआर-२६ हा वाण दिला. त्यातलं जनुक पहिल्यांदा 'मुडगो' या भारतीय धानात ओळखलं गेलं होतं. फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाममध्ये तो झपाट्याने पसरला आणि दोन-तीन वर्षांतच तुडतुडा त्याला जुमानेना. मग १९७६ मध्ये दुसरं जनुक असलेला आयआर-३६ आला. त्यामागे पंजाबात जन्मलेले पैदासकार डॉ. गुरदेव सिंग खुश यांचा हात होता. आयआर-३६ अनेक वर्षं टिकला, पण अखेर तुडतुड्याने तोही काही भागांत ओलांडला.

आयआर-६४ हा १९८५ चा वाण आपल्याकडेही परिचित आहे. त्यातलं तुडतुड्याविरुद्धचं मुख्य जनुक आयआर-२६ मधलंच, म्हणजे तोवर निकामी ठरलेलं. तरीही शेतात त्याने पुष्कळ वर्षं तग धरला, कारण त्या मुख्य जनुकाच्या जोडीला थोडाथोडा प्रतिकार देणारी इतर जनुकं त्याच्यात होती. अशा वाणावर तुडतुडा मरत नाही. पण तो कमी खातो, कमी अंडी घालतो, उशिरा वाढतो, आणि तेवढ्या अवधीत कोळी आणि मिरिड ढेकूण हे त्याचे शत्रू त्याला गाठतात. किडीला पुरतं मारणाऱ्या एका जनुकापेक्षा किडीला बेजार करणारी अनेक लहान जनुकं मला अधिक मोलाची वाटतात. विद्यार्थ्यांनी हे लिहून घ्यावं. प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये असा वाण मध्यम गुण मिळवतो आणि निवडीत मागे राहतो.

तो ट्रे कसा असतो, तेही सांगतो. मातीच्या ट्रेमध्ये ओळीने निरनिराळ्या वाणांची रोपं उगवतात. एका ओळीत टीएन-१ हा हमखास बळी पडणारा वाण, आणि एका ओळीत केरळच्या पट्टांबीचा पीटीबी-३३ हा दणकट वाण. त्यांवर तुडतुड्यांची पिल्लं सोडतात. टीएन-१ ची बहुतेक रोपं माना टाकतात, तेव्हा बाकीच्या ओळींना ० ते ९ असे गुण देतात. दुसरी चाचणी मला फार आवडते. रोपाच्या बुंध्याशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेला गाळणकागद पसरतात आणि त्यावर भुकेले तुडतुडे सोडतात. तुडतुड्याने रस प्यायला की तो चिकट, गोड विष्ठा टाकतो आणि कागदावर निळे डाग उमटतात. टीएन-१ खालचा कागद डागांनी भरून जातो. पीटीबी-३३ खाली चार-दोन ठिपके दिसतात. तुडतुडा तिथेही सोंड खुपसून बसलेला असतो, पण त्याला पोटभर मिळत नाही. काही प्रतिकारक रोपं रसवाहिनीच्या चाळणीची भोकं कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजवून टाकतात, हे चीनमधल्या संशोधनाने दाखवून दिलं आहे.

खोडकिड्याबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तिथे हाती फारसं काही नाही. हजारो वाण तपासले गेले, पण लागवडीच्या धानात त्याच्याविरुद्ध खणखणीत जनुक मिळालं नाही. टीकेएम-६ सारखे मध्यम प्रतिकाराचे वाण आहेत, तेवढेच. तिथे कामगंध सापळे आणि ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीची कार्डं यांवरच भर द्यावा लागतो.

नागपुरात बसून हा विषय मांडायचा आणि कापसाबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे. २००२ मध्ये एका जनुकाचा बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा. पण दोन जनुकांचा आल्यावरही एका जनुकाचा शेजारच्या शेतात उभाच होता. गुलाबी बोंडअळीने पहिलं जनुक आधी पचवलं, मग दुसरं. बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांचं कूळही शिल्लक राहावं म्हणून नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी बांधाभोवती लावायची होती, ती कित्येक ठिकाणी लावली गेलीच नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ, वर्धा, नागपूरच्या शेतांत किडकी बोंडं फोडून पाहिलेली माणसं या सभागृहात आहेत. बीटीचं जनुक जिवाणूचं होतं आणि धानातली जनुकं धानाचीच आहेत, हा फरक आहे. किडीला मात्र त्या फरकाशी काही देणंघेणं नाही.

आता उपाय. समजा, एका लाखात एकच माशी पहिलं जनुक ओलांडू शकते आणि एका लाखात एकच दुसरं. दोन्ही जनुकं एकाच रोपात आणली तर दोन्ही ओलांडणारी माशी हजार कोटींत एक निघेल. मार्करच्या, म्हणजे जनुकाची खूण पटवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या, मदतीने अशी जोडणी आज करता येते. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन कोणतं जनुक आलं आहे ते कळतं, कीड सोडून पाहावी लागत नाही. कडा करपा रोगासाठी हैदराबादच्या संस्थांनी सांबा मसुरीत तीन जनुकं अशीच एकत्र आणली आणि दाण्याची प्रत जशीच्या तशी राखली. गादमाशीसाठीही जीएम-४ आणि जीएम-८ यांची जोडी जमवली गेली आहे.

पण हा हिशेब एका अटीवर टिकतो. त्या जोडीतलं कोणतंही जनुक शेजारच्या बांधीत एकटं उभं असता कामा नये. एकटं असलं की माशीला पायरी मिळते, आणि मग हजार कोटींचा आकडा पुन्हा लाखावर येतो. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावाचं पाणी जसं गावाने पाळीने घ्यायचं असतं, एकाने रात्रीतून तुडुंब ओढलं तर शेवटच्या बांधीला थेंब मिळत नाही, तसं हे आहे. जनुक माझ्या शेतात लावलं तरी त्याचा टिकाव शिवाराच्या हाती असतो.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावरून करत राहणार आहे. बियाण्याच्या पिशवीच्या खुणचिठ्ठीवर वाणाचं नाव, उगवणशक्ती, शुद्धता छापलेली असते. 'गादमाशीस प्रतिकारक' एवढंही कुठे कुठे छापतात. तिथे जनुकाचं नाव छापा. कोणत्या तालुक्यात कोणतं जनुक किती क्षेत्रावर गेलं, हे त्यावरून कळेल, आणि पुढच्या हंगामात दुसरं द्यायचं की जोडी द्यायची हे ठरवता येईल. आज 'अमुक वाण सोडा, तमुक घ्या' असं सांगतात तेव्हा दोन्हींत जनुक एकच असू शकतं. मग वाण बदलूनही काहीच बदललेलं नसतं.

नागपूरकर ग्राहकांनो, आता तुमच्याविषयी. बाजारात भाव मिळतो तो बारीक दाण्याला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातली वेगळी लोंबी ओळखून एचएमटी हा वाण निवडला आणि बारीक तांदळाची चव अख्ख्या मध्य भारताला लावली. ते काम फार मोठं आहे. पण पैदासकाराची अडचण अशी, की प्रतिकारक जनुकं बहुधा जाड्या, उंच, कमी उताऱ्याच्या देशी धानांत असतात. संकर केला की त्या जनुकाबरोबर जाडा दाणाही येतो. मग पुन्हा पुन्हा बारीक वाणाशी संकर करून नको असलेला भाग गाळत न्यावा लागतो. त्यात वर्षं जातात. तेवढी वर्षं पैसा आणि माणसं टिकवून धरणारी केंद्रं हवीत. रिकाम्या जागांवर कंत्राटी माणूस नेमून हे काम होत नाही.

आणि ती देशी धानं कोणी कमी लेखू नयेत. मुडगो, पीटीबी-३३, झिटपिटी हे सगळे एकेकाळी कुणाच्या तरी घरचे साधे वाण होते. लुचई, हिरानक्की, चिन्नोर तुमच्या कोठीत असतील तर पायलीभर का होईना, दरवर्षी लावत राहा. शीतपेटीतलं बी जिवंत राहतं, पण शेतातलं बी किडीबरोबर बदलत राहतं. दोन्ही लागतात.

शेतकऱ्यांना शेवटी एक काम देतो. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर चंदेरी पोंगे दिसले, तर दुकानदाराशी भांडण्याआधी ते पोंगे मोजा. दोन-चार चुडांत असतील तर भेसळ असू शकते. बांधीभर असतील तर तो नव्या बायोटाइपचा पहिला निरोप असू शकतो. अशा वेळी आठ-दहा चूड मुळासकट उपटा, ओल्या फडक्यात बुंधे गुंडाळा, वाणाचं नाव, गाव आणि रोवणीची तारीख चिठ्ठीवर लिहा, आणि साकोली किंवा सिंदेवाही यांपैकी जे केंद्र जवळ असेल तिथे त्याच दिवशी पोचवा. पोंग्याच्या शेंड्याला भोक पडण्याआधी आणलेत तर आतली माशी जिवंत मिळते, आणि तिची चाचणी घेता येते.