टायब्रेकरचा सौदा

नमस्कार श्रोतेहो. सांगलीच्या माणसाकडं खेळाचा विषय काढा, तो आधी विजय हजाऱ्यांचं नाव घेणार आणि मग स्मृती मानधनाचं. घ्यावंच. हजारे इथं जन्मले, स्मृती इथं वाढली. पण आज मी फुटबॉलवर बोलणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला मिरजेला नेणार आहे. हो, मिरजेलाच. सांगलीकरांनी दहा मिनिटं नाक मुरडू नये.

मिरज म्हटलं की तंतुवाद्यं, दवाखाने आणि रेल्वे जंक्शन. फुटबॉलचं नाव लोक घेत नाहीत, कारण शेजारी कोल्हापूर बसलंय. तिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की पेठाच्या पेठा मैदानावर उतरतात. तालमी कुस्तीच्या, पण त्यांच्याच नावानं फुटबॉलचे संघ खेळतात. आपल्याकडं तेवढी गर्दी नाही. बरंच आहे. गर्दी नसली की रेषेजवळ उभं राहता येतं. रेषेजवळ, श्रोतेहो. गॅलरीत बसून मोबाईलमध्ये बघायचं असेल तर घरीच बसा, चहा तरी चांगला मिळेल. रेषेजवळ उभं राहिलं की बुटाचा आवाज येतो, पोरं एकमेकांना काय बोलतात ते कळतं. त्यातलं निम्मं मला इथं सांगता येणार नाही.

मैदान म्हणाल तर ते एकट्या फुटबॉलचं कधीच नसतं. पहाटे चालणारी मंडळी, मग पोलीस भरतीची पोरं, दुपारी टेनिस बॉलचं क्रिकेट. मधेच एखादं प्रदर्शन लागतं, एखादी सभा होते. मंडप उठतो, खुंट्यांचे खड्डे तसेच राहतात. माझं स्पष्ट मत आहे, खड्डे बुजवल्याशिवाय मंडपवाल्याची अनामत परत देऊ नये. आणि खिळे वेचायलाही त्यालाच लावावं. असो. सामन्याच्या दिवशी कुणीतरी फक्कीचं घमेलं घेऊन निघतो, सुतळी धरून रेषा मारतो. कधी कधी त्या रेषा पेनल्टीच्या चौकोनाजवळ जराशा वाकतात. कुणी तक्रार करत नाही.

आणि क्लब? क्लबला ऑफिस नसतं. कुणाच्या तरी दुकानात मागं एक पत्र्याची पेटी असते, तिच्यात जर्सी, पंप आणि दोन बॉल. वर्गणी गल्लीतून निघते. थोरल्याचे बूट धाकट्याला येतात, पुढं कापूस घालून. एवढाच क्लब. बाकी सगळी माणसं.

त्यातल्याच एका माणसाची गोष्ट सांगायला मी आज आलोय.

मैदानावर माईक ज्यांच्या हातात असतो, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारतात आणि संध्याकाळी मिरजेत फुटबॉलचं समालोचन करतात. आवाज तोच. लयसुद्धा तीच. फ्री किक असली तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आता भाव फुटणार.

तर अंतिम सामना. एक-एक बरोबरी, जादा वेळही संपला, टायब्रेकर. म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीनं पाच-पाच पेनल्टी मारायच्या, समोर फक्त गोली. हा टायब्रेकर फुटबॉलच्या नियमांत 1970 साली आला. त्याआधी 1968 च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची उपांत्य लढत चक्क नाणं उडवून निकालात काढली होती. नाणं बरं होतं, असं त्या दिवशी मिरजेतल्या पंचांना नक्की वाटलं असेल.

पहिल्या संघाचा नऊ नंबर बॉल ठेवतो. अण्णांना प्रत्येक पोरगा लहानपणापासून माहीत. कर्ण्यावर आवाज घुमला, "येतोय नऊ नंबर! गुणी पोरगा! गेल्या वर्षी टाकीकडं मारला, त्याच्या आदल्या वर्षी टाकीकडं मारला, हा टाकीकडंच मारणार, मंडळी!" एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत. गोली टाकीकडं झेपावला. बॉल हातात.

मग काय! कप्तान पंचांकडं धावला, "अण्णांना गप्प करा." पंच म्हणाले, "गोलीचा पाय रेषेवर असावा, एवढं नियमात आहे. माईकचं काही लिहिलेलं नाही." कमिटीचा एकजण माईक काढून घ्यायला गेला. अण्णा भडकले. म्हणाले, "मी एका बाजूचा नाही. दोन्हीकडचं सांगतो. सौदा उघड्यावर झाला पाहिजे." आणि गंमत म्हणजे हे सगळ्यांना पटलं!

आता दुसऱ्या संघाचा सहा नंबर. अण्णांनी जाहीर केलं, "हा भिंतीकडं मारतो." पोरानं ऐकलं. त्याच्या मनात आलं, गोली भिंतीकडं जाणार, आपण टाकीकडं मारू. गोलीच्या मनात आलं, पोरानं ऐकलंय, हा आता बदलणार. गोली टाकीकडं. तोही अडवला!

मग चार नंबर आला. अण्णांचा आवाज चढला, "हा टाकीकडं मारायचा, पण आता भिंतीकडं मारेल, पण ते गोलीला कळलंय, म्हणून टाकीकडं! टाकी एक वार! टाकी दोन वार!" पोरगं बॉलसमोर उभं, इकडं बघतंय, तिकडं बघतंय. पंचांची शिट्टी वाजून गेलेली. शेवटी त्यानं डोळे मिटून असा हाणला, की बॉल बारवरून थेट रस्त्यावर, भडंगवाल्याच्या गाडीपाशी. जाता जाता सांगतो, हल्ली भडंगात शेंगदाणे मोजून घालतात, हे मला अजिबात पसंत नाही.

असे काही बसले, काही हुकले. पहिल्या संघाचे पाच मारून झाले, दुसऱ्याचा शेवटचा उरला. बसला तर कप. आणि मारायला आला चौदा नंबर. बदली खेळाडू, काडीसारखा पोरगा, आजोळी म्हणून मिरजेत आलेला. अण्णांनी माईक तोंडाशी नेला, आणि गप्प. सबंध मैदान कर्ण्याकडं कान लावून. पंचांची शिट्टी झाली. अण्णा म्हणाले, "ह्या पोराचं… मला काही ठाऊक नाही, मंडळी."

पुढं काहीतरी येईल म्हणून गोली मंडपाकडं बघत राहिला. आणि पोरानं बॉल हळूच, मधोमध, आत ढकलला.

गोल! लोक मैदानात, गुलाल, हलगी. आणि गोली तरातरा मंडपाकडं आला, अण्णांचा हात धरून म्हणाला, "अण्णा, माहीत नव्हतं तर शिट्टीच्या आधी सांगायचं ना!"

पुढच्या वर्षी कमिटीनं नियम केला, टायब्रेकरला माईक बंद. अण्णा तो पाळतात. फक्त तेवढा वेळ हाताची घडी घालून मंडपात बसतात, आणि दोन्हीकडचे गोली त्यांच्या भुवयांकडं बघतात.

तर उन्हाळ्यात स्पर्धेचा फलक चौकात दिसला की जा. टोपी न्या, पाण्याची बाटली न्या. उभं कुठं राहायचं ते सांगितलंय, रेषेजवळ. फक्त गोलच्या मागं नको, जाळी फाटलेली असते. नमस्कार.